‘यादीत नाव नाही’ म्हणण्यापूर्वी

दिवाळी सरली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. परतलेले मूल शाळेत येते तेव्हा गुरुजी पट उघडतात. त्याची आई रेशन दुकानात जाते तेव्हा दुकानदार यंत्रात पाहतो. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : हे नाव यादीत आहे का? उत्तरही दोन अक्षरांचेच, ‘आहे’ किंवा ‘नाही’.

संगणकाच्या आज्ञावलींमध्ये हा प्रश्न पावलोपावली विचारला जातो. पायथन या संगणकभाषेत त्यासाठी ‘इन’ एवढा एकच शब्द लिहावा लागतो. त्या शब्दामागे काय घडते ते पाहिले, तर ‘आहे’ आणि ‘नाही’ ही उत्तरे सारख्या कष्टाची नाहीत असे लक्षात येते.

समजा, १००० नावांची एक यादी आहे आणि नावे जशी आली तशी लिहिलेली आहेत. आपण वरून खाली वाचत जाऊ. नाव यादीत असेल, तर सरासरी पाचशेच्या आसपास नावे पाहिल्यावर ते सापडेल आणि आपण थांबू. नाव नसेल तर? शेवटचे नाव वाचून होईपर्यंत ‘नाही’ म्हणता येणार नाही. म्हणजे ‘आहे’ म्हणायला एक पुरावा पुरतो. ‘नाही’ म्हणण्यासाठी मात्र सगळी यादी पालथी घालावी लागते.

आता हीच नावे अकारविल्हे लावा. मधले नाव उघडा. आपले नाव त्याच्या आधी येणारे असेल, तर मागचा अर्धा भाग पाहायचे कारणच नाही. उरलेल्या भागाचे पुन्हा मधले नाव उघडा. हे वर्गात सहज करून पाहता येते. मुलांच्या नावांच्या ३१ चिठ्ठ्या क्रमाने पालथ्या मांडा. एक चिठ्ठी उलटली की जास्तीत जास्त १५ उरतात, मग ७, मग ३, मग १. पाच चिठ्ठ्यांत निकाल लागतो, मग तो ‘आहे’ असो वा ‘नाही’. १००० नावांना १० वेळा पाहणे पुरते, दहा लाखांना २० वेळा आणि दीडशे कोटींना ३१ वेळा! अट एकच : यादीचा क्रम बिनचूक हवा. एक नाव जरी भलत्या जागी गेले, तरी ते यादीत असूनही सापडणार नाही.

तिसरी रीत याहून गमतीची आहे. दहा खोकी घ्या आणि त्यांना ० ते ९ क्रमांक द्या. वर्णमालेतील क ला १, ख ला २ असे करत ह ला ३३ आणि ळ ला ३४ पर्यंत आकडे द्या. काना-मात्रा सोडून द्या. नावातील अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करा. बेरजेला दहाने भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाच्या खोक्यात चिठ्ठी टाका. ‘बुधा’ची बेरीज २३ + १९ = ४२, म्हणून तो दोन नंबरच्या खोक्यात. ‘सोमा’ची ३२ + २५ = ५७, म्हणून तो सातव्या नंबरच्या. पुढे कोणी ‘बुधा आहे का’ असे विचारले, की फक्त दोन नंबरचे खोके उघडायचे. ते रिकामे असेल, तर बाकीच्या नऊ खोक्यांना हातही न लावता ‘नाही’ म्हणता येते. मात्र ‘सोमी’ही सातव्याच खोक्यात जाते. म्हणून खोक्यात चिठ्ठी मिळाली तरी ती वाचून खात्री करावी लागते. ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली मांडली. पायथनमध्ये ‘लिस्ट’ पहिल्या रीतीने शोधली जाते आणि ‘सेट’ या तिसऱ्या. मोठ्या संग्रहात वारंवार शोध घ्यायचा असेल, तर सेट का वापरावा हे आता उघड आहे.

येथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली : दोन नावे ‘तीच’ आहेत की नाहीत हे आपल्याला कळते. माणसाला ते कळते, संगणकाला नाही. तो अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. मोखाडा तालुक्यातील ‘खोडाळा’ रोमन लिपीत लिहून पुन्हा देवनागरीत आणले की सहज ‘खोडाला’ होते, कारण तेथे ल आणि ळ यांना एकच अक्षर आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण संगणक ते वेगळे ठरवतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर जव्हारपुढे ‘जिल्हा ठाणे’ आहे, नंतरच्यांवर ‘जिल्हा पालघर’. पूर्ण पत्ता ताडून पाहिला, तर एकाच गावातला तोच माणूस परका ठरतो.

अशा वेळी शोधण्याची रीत कितीही वेगवान असली, तरी ती चुकीचे ‘नाही’च अधिक वेगाने देते.

यादी करणाऱ्यांनी याचा विचार पूर्वीही केलेला दिसतो. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, सोन कातकरी अशी अनेक नावे एकाच नोंदीत आहेत, तसेच ठाकूर आणि ठाकर, किंवा कोकणा, कोकणी आणि कुकणा. पण ही सोय जेवढी लिहिली तेवढीच. हलबा-कोष्टी प्रकरणात २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की ही यादी जशी आहे तशीच वाचायची. ‘हलबा’ या नोंदीत ‘हलबा-कोष्टी’ आहे असे न्यायालयाने ठरवायचे नाही. यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा. म्हणजे काय ‘तेच’ मानायचे हा प्रश्न यंत्राने सोडवायचा नसतो. तो माणसांनी आधी ठरवून लिहून ठेवायचा असतो.

आज्ञावली लिहिणारे म्हणून ताडण्यापूर्वी सगळी नावे एका ठरावीक रूपात आणतात : जादा मोकळ्या जागा काढतात, एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एक करतात. फार सैल नियम केला, तर सोमा आणि सोमी एक होतील आणि भलत्यालाच ‘आहे’ मिळेल. दुसरा उपाय म्हणजे नावाऐवजी क्रमांक. आधार क्रमांकांच्या वाटपाला २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीपासून सुरुवात झाली, ती याच विचाराने. पण क्रमांकाची नोंद करताना एक आकडा चुकला, की पुन्हा तेच.

वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घ्याल तेव्हा एका चिठ्ठीवर मुद्दाम एखाद्या मुलाचे नाव थोडे वेगळे लिहा आणि मुलांना ते शोधू द्या. ‘नाही’ असे उत्तर येईल, आणि तो मुलगा तर समोर बसलेला असेल! अशा वेळी चूक यादीची की मुलाची, यावर वर्गात बोला. वीटभट्टीवरून परतलेले मूल दारात उभे असेल, तेव्हा तो तास उपयोगी पडेल.