उजव्या पानावरची नरोटी
लिहिता हात : लेखांक ६

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याचा प्रश्न अर्धवट सोडला होता. ‘मॅडम, पुस्तक वाचलं, आवडलंही. पण निबंध लिहायला बसलो की काहीच सुचत नाही. मग गाईड उघडतो.’ या मुलाला आळशी म्हणून भागणार नाही. वाचताना त्याच्या मनात दहा गोष्टी येऊन गेल्या असतील. निबंधाची वेळ आली तीन महिन्यांनी. तोवर त्या दहाही उडाल्या आणि हाती उरलं फक्त कथानक. ते तर गाईडमध्ये त्याच्याहून नेटकं असतं.

हा काही मोबाइलने लावलेला रोग नव्हे. ज्याच्यापासून निबंध हा प्रकार सुरू झाला असं मानतात, तो फ्रान्सचा माँतेन स्वतःच्या विसराळूपणाला इतका कंटाळला होता, की पुस्तक संपलं की त्याच्या शेवटी तारीख आणि लेखकाबद्दलचं आपलं मत खरडून ठेवायचा. त्यातले काही शेरे त्याने १५८० साली निघालेल्या आपल्या निबंधांत सरळ उतरवून घेतले. आपली वाचनवही त्याच कुळातली.

वही साधी, दोनशे पानी. डाव्या पानावर पुस्तकात काय आहे ते दोन ओळींत, पृष्ठ क्रमांकासह. उजव्या पानावर ते वाचताना आपल्याला काय झालं ते : शंका, चीड, आठवण, न कळलेला शब्द, काहीही. बोस्टनमध्ये अध्यापन केलेल्या अॅन बर्थॉफ यांनी हा प्रकार ‘दुहेरी नोंदीची वही’ म्हणून रुजवला. नाव हिशेबनिसांकडून उसनं घेतलेलं. त्यांचा भर मात्र नोंद करण्यापेक्षा, केलेली नोंद पुन्हा वाचून तिच्याबद्दल नवी नोंद करण्यावर होता. आमच्याकडे वही घालून देणारे बहुतेक जण नेमकं हेच गाळतात.

दोन पानं वेगळी का, हे समजायला बोस्टनला जायची गरज नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावून ठेवलं, की यात कोणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखं होईल. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. पुढे इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) द्रौपदीवर लिहिताना हाच शब्द उचलला. एका टप्प्यापर्यंत त्या महाभारताच्या, भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीला धरून चालतात. मग थांबून सांगतात की इथून पुढची नरोटी माझी, आणि द्रौपदीचे शेवटचे क्षण स्वतःच्या कल्पनेने रंगवतात. व्यासांचं काय आणि बाईंचं काय, यात वाचकाची फसगत होत नाही. त्यांना आपलं म्हणणं ठामपणे मांडता येतं तेही त्यामुळेच. माझ्या वर्गात आता उजव्या पानाला सगळे नरोटीच म्हणतात. ‘मॅडम, नरोटी कोरी राहिली’ असं कोणी म्हणालं, की पुस्तक वाचलं गेलं पण काही झालं नाही, एवढं मला कळतं.

एका मुलीची वही सांगते. पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. डाव्या पानावर : वडिलांचं पराकोटीचं सोवळं, बाहेरून आलेल्या वस्तूही धुऊन घ्यायच्या. उजवीकडे पहिल्या दिवशी एवढंच : ‘खूप हसले. आमचे आजोबा असेच.’ परीक्षकाच्या नजरेने ही नोंद शून्य किमतीची. चार दिवसांनी त्याखाली वेगळ्या शाईत दोन ओळी आल्या : ‘पण धुवायचं कोणी? पाणी कोण भरायचं?’ आणखी शंभर-सव्वाशे पानं वाचून झाल्यावर, नारायण वामन टिळकांच्या लहरी आणि अचानक घर सोडून जाणं यांच्या पानांसमोर : ‘नवराही तसाच. ठरवणार ते, निस्तरणार ही. मग ही हसते कशी? रागावत का नाही?’

निबंध इथे जन्माला आला. ‘स्मृतिचित्रेमधील विनोद’ या विषयावर तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी विनोदाचे प्रकार सांगितले, प्रसंगनिष्ठ आणि शब्दनिष्ठ. हिने लिहिलं, की हा निस्तरणाऱ्या माणसाचा विनोद आहे. मग वही उलटीसुलटी चाळताना तिच्याच नोंदी तिला आडव्या आल्या. लक्ष्मीबाई रागावतात, भांडतात, तेही तिने टिपलं होतं. आणि १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाल्याची बातमी येते, त्या पानांसमोर तिच्या उजव्या बाजूला फक्त ‘इथे हसू येत नाही’ असं होतं. झालं, वाक्य बदलावं लागलं. निस्तरता येतं तोवरच त्या हसतात, असं नवं वाक्य आलं. पहिल्यापेक्षा ते कितीतरी पक्कं आहे, कारण त्याला विरोध सहन करावा लागला.

नोंदींतून निबंधाकडे जाण्याची वाट जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना विचारा. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहायचा, त्यात निवड नाही. नंतर खतावणी, म्हणजे रोजकीर्दीतली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर नेणं. दर पंधरवड्याला मी मुलांना एक तास फक्त खतावणीला देते. नवं काही लिहायचं नाही, जुन्या नोंदी वाचून खाती पाडायची. ‘पाणी’, ‘पैसे’, ‘न बोललेलं’ अशी खाती निघतात. ज्या खात्यावर नोंदी जास्त, तिथे निबंधाचा विषय बसलेला असतो. एकच नोंद असलेलं खातं दिसायला आकर्षक असतं, पण त्यावर निबंध उभा राहत नाही. हे मुलांना पटायला एक सत्र जातं.

गुणांबद्दल माझं मत टोकाचं आहे. वहीला गुण देऊ नयेत. दिले की उजव्या पानावर ‘लेखकाची भाषा ओघवती व प्रवाही आहे’ सुरू होतं, आणि पाठोपाठ एकमेकांच्या वह्या उतरवणं. शुद्धलेखनही वहीत दुरुस्त करू नये, त्याची जागा निबंधात. मी फक्त समासात प्रश्न लिहिते, एका वहीला एक. साठ वह्यांना दोन संध्याकाळी जातात. कॉलेजच्या कामाच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही.

पुढच्या लेखात निबंधाच्या पहिल्या परिच्छेदाबद्दल बोलू. तोवर कुठलंही हाताशी असलेलं पुस्तक घ्या, तीन नोंदी करा, चार दिवस वही मिटून ठेवा आणि मग तिन्हींखाली वेगळ्या शाईत एकेक ओळ वाढवा. पृष्ठ क्रमांक विसरू नका. त्या मुलीने एका ठिकाणी तो लिहिला नव्हता, आणि दोन ओळींचा प्रसंग शोधायला तिला अख्खं पुस्तक पुन्हा चाळावं लागलं. चाळताना आणखी दोन नोंदी मिळाल्या, ती गोष्ट वेगळी.