लस टोचावी कीं थेंबानें द्यावी?

कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी बंधूंस मानमोडी अथवा राणीखेत रोगाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. त्याची लस पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकून देतात; पुढें सुमारें आठव्या आठवड्यांत दुसरी, अधिक जोरदार लस टोचतात. एकाच रोगास ह्या दोन तऱ्हा कां, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

हा रोग श्वासावाटे व दाणापाण्यावाटे आंत शिरतो. नाक, घसा व आंतडीं ह्यांच्या ओलसर अस्तरावर विशेष प्रकारचीं प्रतिद्रव्यें पाझरतात व रोगाच्या विषाणूस दारांतच अडवितात. डोळ्यांत थेंब पडला म्हणजे कोंबडीच्या डोळ्यामागील एक ग्रंथि हींच द्रव्यें करूं लागते. टोचलेल्या लसीनें रक्तांतील प्रतिद्रव्यें वाढतात. अस्तरावरील राखण मात्र बहुधा अपुरी राहते. खळ्यावर पहारा चोख, पण बांधावर कोणी नाहीं, असा हा प्रकार होय.

मनुष्यांतील पोलिओचें उदाहरण बोलकें आहे. साल्क ह्यांची टोचण्याची लस १९५५ सालीं प्रचारांत आली. पुढें सेबिन ह्यांनीं तोंडावाटे देण्याची लस सिद्ध केली. इस्राएलनें २००५ पासून केवळ टोचण्याची लस ठेविली. २०१३ सालीं तेथील सांडपाण्यांत पोलिओचा विषाणु सांपडला. टोचलेल्या लसीमुळें मुलें पांगळीं झालीं नाहींत. परंतु विषाणु आंतड्यांत वाढून गुपचूप पसरत होता. अखेर तेथील मुलांस पुन्हां थेंब पाजावे लागले.

म्हणून नव्या लसी योजतांना रोग ज्या वाटेनें येतो त्याच वाटेनें लस देण्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष आहे. भारतांत २०२२ सालीं कोविडवरील नाकांत थेंब टाकण्याची लस मंजूर झाली. तथापि हें काम सोपें नाहीं. अन्न व धूळ नित्य येत असल्यामुळें अस्तरास पुष्कळ गोष्टी सोसण्याची संवय असते. निर्जीव लस तेथें सहसा दुर्बळ ठरते, म्हणून बहुधा सौम्य केलेला जिवंत विषाणु वापरावा लागतो. शिवाय दारावरील ही राखण कालांतरानें ओसरते.

ह्यावरून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध सरळ आहे. थेंबाची लस जिवंत असते. ती उन्हांत मरते. ती बर्फांत आणावी, सावलींत द्यावी, व थेंब आंत मुरल्याविना पिलूं हातांतून सोडूं नये. वेळ येतांच टोचण्याची लसही चुकवूं नये. बांध व खळें, दोन्ही राखावीं तेव्हांच पीक घरीं येतें.