नोंदणीआधीच घडणारा कान

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीकडचा कोलाम पोड असो की पुसदकडचा बंजारा तांडा, आशाताईंचा आग्रह एकच: बाराव्या आठवड्याच्या आत गरोदरपणाची नोंद करा. आग्रह रास्तच आहे. पण बाळाच्या आतल्या कानापुरती ही वेळसुद्धा उशिराची ठरते. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात, भ्रूण जेमतेम काही मिलिमीटरचा असताना, भावी मेंदूच्या मागच्या भागाशेजारी दोन्ही बाजूंची त्वचा जाड होते, आत खचते आणि मिटून तिची द्रवाने भरलेली पिशवी बनते. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि ऐकण्याची शंखाकार नळी, म्हणजे कॉक्लिया, या एकाच पिशवीतून निघतात. कॉक्लियाचे अडीच वेढे दहाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होतात. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे नोंदवहीतला बारावा आठवडा हाच. त्यानंतर आवाज टिपणाऱ्या केसपेशी तयार होतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. त्या मेल्या तर कोंबडीला नव्या येतात, माणसाला नाही.

म्हणून या कानाची काळजी गरोदरपणाच्याही आधी घ्यावी लागते. रुबेला हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांच्या मोतीबिंदूचा संबंध आईला गरोदरपणात झालेल्या रुबेलाशी जोडला. बहिरेपणाचा संबंध त्यापाठोपाठ उघड झाला. संसर्ग पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर धोका सर्वाधिक, विसाव्या आठवड्यानंतर तो फारच कमी. आईला मात्र थोडा ताप आणि पुरळ, कधी तेवढंही नाही. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणी देत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ती दिली गेली. मुलग्यांना कशाला, हा प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण घरातल्या गरोदर बाईपर्यंत विषाणू मुलगाही आणतोच.

बहिरेपण बऱ्याचदा आनुवंशिक असतं, तिथे लस काय करणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. जीजेबीटू या जनुकातला दोष दोन्ही पालकांकडून आला तर बाळ बहिरं जन्मू शकतं, आणि मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत तसा योग वाढतो. इथे लस निरुपयोगी, तपासणी मात्र अत्यावश्यक. ‘बाप पण उशिराच बोलला होता’ म्हणून दोन वर्षं थांबण्याला आधार नाही: निरोगी गर्भ सातव्या महिन्यात आवाजाने दचकतो, मग जन्मलेल्या बाळाचा कान तपासायला वाट कशाची पाहायची? पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव राहिल्याने चाचणी चुकू शकते, हे खरं. म्हणूनच सहाव्या आठवड्याचा लसीकरणाचा दिवस मला सोयीचा वाटतो. आई बाळाला घेऊन तेव्हा येतेच. कानात छोटं टोक घालून केसपेशींचा क्षीण प्रतिध्वनी टिपायचा, बाळ झोपेत असलं तरी चालतं. मात्र दोष कॉक्लियात नसून नसेत असेल तर ही चाचणी बाळाला पास करून टाकते. अशा शंकेत मेंदूचा प्रतिसाद मोजणारी दुसरी चाचणी करावीच लागते.