परदेशस्थ अमेरिकी नागरिक आणि राज्य प्राप्तिकराचे दायित्व : एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकी नागरिक जगात कोठेही राहत असला, तरी विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असल्यास त्याला संघीय प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये ‘कुक विरुद्ध टेट’ या खटल्यात हे तत्त्व ग्राह्य धरले. राज्यांचा प्राप्तिकर मात्र अधिवास व वास्तव्य यांवर आधारलेला आहे. देश सोडताच राज्याचे दायित्व संपते, हा समज त्यामुळे अनेकदा चुकीचा ठरतो. अध्यापनासाठी भारतात येणाऱ्या मराठीभाषक अमेरिकी नागरिकांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

अधिवासाची संकल्पना :
ज्या ठिकाणी व्यक्तीचे कायमचे घर आहे व जेथे परतण्याचा तिचा हेतू आहे, तो तिचा अधिवास होय. नवा अधिवास प्रस्थापित होईपर्यंत जुना कायम राहतो. घर, कुटुंबाचे वास्तव्य, वाहनपरवाना, मतदारनोंदणी, बँक खाती इत्यादींवरून हेतू ठरविला जातो. तथापि १९८६ च्या परदेशस्थ मतदारविषयक संघीय कायद्यानुसार, त्या कायद्याखाली केलेल्या मतदानाचा करविषयक अधिवासावर परिणाम होत नाही.

राज्याराज्यांतील भिन्नता :
टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, साउथ डकोटा इत्यादी राज्यांत व्यक्तींच्या वेतनावर प्राप्तिकर नाही. तेथून परदेशी गेलेल्यांपुढे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कॅलिफोर्नियात नोकरीच्या करारान्वये सलग किमान ५४६ दिवस राज्याबाहेर असणाऱ्यास अनिवासी मानले जाते. मात्र कोणत्याही करवर्षात राज्यातील भेटी ४५ दिवसांहून अधिक नसाव्यात, व्याज-लाभांशासारखे उत्पन्न दोन लाख डॉलरपेक्षा अधिक नसावे व करचुकवेगिरी हा प्रमुख हेतू नसावा. न्यूयॉर्कमध्ये ५४८ दिवसांपैकी किमान ४५० दिवस परदेशात असणे, ही अनेक अटींपैकी एक अट आहे.

दुहेरी कराचा प्रश्न :
संघीय कायद्यात परदेशी अर्जित उत्पन्नाची वजावट (२०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत) तसेच परदेशात भरलेल्या कराची सवलत मिळते. कॅलिफोर्निया यांपैकी काहीही देत नाही. भारत व अमेरिका यांच्यात १९८९ मध्ये झालेला दुहेरी करनिवारण करारही अमेरिकेच्या बाजूने केवळ संघीय करापुरता आहे.

एक कल्पित उदाहरण पाहू. कॅलिफोर्नियात अधिवास असलेला एक प्राध्यापक तेथील घर भाड्याने देऊन दोन वर्षांच्या करारावर पुण्यात अध्यापन करतो. वरील सर्व अटी पाळल्यास त्याचे पुण्यातील वेतन राज्याच्या करकक्षेबाहेर राहील. परंतु घरभाडे राज्यातच उद्भवत असल्याने त्यासाठी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरावे लागू शकेल. त्याने दरवर्षी दोन महिने सुट्टी कॅलिफोर्नियात घालविली, तर ५४६ दिवसांच्या नियमाचे संरक्षण तो गमावील. मग सर्व परिस्थितीचा विचार होईल आणि तो तात्पुरताच बाहेर गेला होता असे ठरल्यास, ज्या वेतनावर त्याने भारतात कर भरला त्याच वेतनावर राज्यही कर आकारील.

निवृत्तांना मात्र दिलासा आहे. १९९६ च्या संघीय कायद्यानुसार अनिवासी व्यक्तीच्या निवृत्तिवेतनावर तिच्या पूर्वीच्या राज्याला कर आकारता येत नाही.

निष्कर्ष :
१) प्रस्थानापूर्वी अधिवास कोणत्या राज्यात आहे, याचा निर्णय करणे आवश्यक आहे.
२) अधिवास खरोखर सोडल्यास त्या वर्षी अंशकालीन निवासी म्हणून विवरणपत्र भरून त्याची नोंद करणे इष्ट ठरते.
३) प्रवासाच्या तारखा, नोकरीचा करार व भाडेकरार जपून ठेवावेत.
४) विवरणपत्र न भरल्यास कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत करनिर्धारणाची कालमर्यादा सुरूच होत नाही, त्यामुळे मौन हा सुरक्षित मार्ग नव्हे.

सारांश, संघीय दायित्व नागरिकत्वाबरोबर प्रवास करते, तर राज्याचे दायित्व मागे ठेवलेल्या घराशी व परतण्याच्या हेतूशी निगडित असते. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.