क्षय की क्रोन?

लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो पोटाच्या उजव्या खालच्या बाजूचा सांधा, हे आतड्याच्या क्षयाचं आवडतं ठिकाण. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोनच्या आजाराचंही तेच! ताप, घटतं वजन, पोटात कळा, दुर्बिणीतून दिसणारे व्रण, सगळंच इतकं सारखं की भारतात अनुभवी डॉक्टरही चकतात. आणि चूक महागात पडते: क्रोनसाठी दिलेली स्टिरॉइड्स क्षयाला मोकळं रान देतात.

बायोप्सीत क्षयाचे जंतू सापडले तर प्रश्नच मिटला; पण ते अनेकदा सापडत नाहीत. मग क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. नुसतं बरं वाटणं पुरत नाही, व्रण भरलेले दिसायला हवेत. न भरल्यास क्रोनचा संशय बळावतो. औषधांना न जुमानणारा क्षयही तपासावा लागतो. शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी आतड्याला सूज आहे का एवढंच सुचवते, कशामुळे ते नाही.

१९३२ साली न्यूयॉर्कमधून क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी क्रोनच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव उरलं वर्णानुक्रमात पहिल्या असलेल्या क्रोन यांचं.

क्रोनच्या खुणा पोटाबाहेरही उमटतात: लाल, दुखरा डोळा, नडगीवरच्या गाठी, सुजलेले गुडघे. रुग्ण डोळ्यांसाठी एकीकडे, गुडघ्यांसाठी दुसरीकडे जातो आणि जुलाबांचं दोन्हीकडे सांगत नाही. संकोच, दुसरं काय!