डॉक्टरांनी लिहायलाच हवं!

पुसदकरांनो, डॉक्टरांचं अनुभवलेखन हा नुसता साहित्याचा विषय नाही. आजाराची अर्धी गोष्ट दवाखान्याबाहेर घडते आणि ती केसपेपरवर येत नाही. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. केसपेपरवर ‘विषबाधा’ एवढंच उरतं. हातमोजे का नव्हते, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावर कसा येतो, मजूर उशिरा का पोचतो, हे पेशंटशी बोलणारा डॉक्टर किंवा नर्सच लिहू शकते.

यावर आक्षेप असा, की अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. खरंच आहे. पण पुराव्याचा शोध बहुधा अनुभवातूनच सुरू होतो. डॉ. राणी बंग गडचिरोलीतल्या बायकांचं ऐकत गेल्या; १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग आढळले. दुसरा आक्षेप आत्मस्तुतीचा. तोही काही पुस्तकांना लागू पडतो (नावं नकोत!). मात्र डॉ. अरुण लिमयेंचं ‘क्लोरोफॉर्म’ स्वतःच्याच व्यवसायावर बोट ठेवतं, आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये डॉ. अभय बंग स्वतःच्या जीवनशैलीची झाडाझडती घेतात. पेशंटची ओळख झाकणं एवढी अट मात्र पाळायलाच हवी.

तेव्हा पुसदमधल्या डॉक्टर, नर्स, आशाताईंनो, लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.