सुई दिशा दाखवते, अंतर नाही

पोलादपूरला आमच्या ओटीवर एक ट्रान्झिस्टर होता. बातम्यांची वेळ झाली की काका तो हातात धरून हळूहळू फिरवायचे. एका बाजूला मुंबई केंद्र खणखणीत लागे. तिथून पाव फेरी फिरवला की आवाज पार खोल जाई. आम्हा मुलांना तो ट्रान्झिस्टरचा लहरीपणा वाटे. पुढे मुंबईत विमानांच्या रेडिओ यंत्रांच्या दुरुस्तीचे काम शिकू लागलो, तेव्हा कळले की काका नकळत विमानातलेच एक यंत्र चालवत होते.

मिडीयम वेव्हच्या ट्रान्झिस्टरमध्ये तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी असते. तिचे टोक केंद्राकडे आले की आवाज सर्वांत क्षीण होतो. म्हणजे आवाज जिथे मरतो, त्या रेषेत केंद्र! पोलादपुरातून मुंबईची रेषा वायव्येच्या अंगाला जाते, पुण्याची ईशान्येला. नकाशावर मुंबईतून एक आणि पुण्यातून एक अशा रेघा ओढल्या की त्या पोलादपूरपाशी एकमेकींना छेदतात. नुसती एकच रेघ असेल, तर आपण तिच्यावर कुठेतरी आहोत एवढेच कळते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

विमानात हे फिरवण्याचे काम ‘एडीएफ’ नावाचे यंत्र आपोआप करते आणि उत्तर सुईने दाखवते. वैमानिकासमोरच्या पडद्यावर होकायंत्राची तबकडी असते. विमानाचे नाक ज्या दिशेला, ती दिशा नेहमी माथ्यावर, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी. तबकडीवर दोन सुया, एक एकेरी रेघेची, दुसरी दुहेरी. सुईचे टोक सांगते, केंद्र आपल्यापासून कोणत्या दिशेला आहे. शेपूट सांगते, आपण केंद्रापासून कोणत्या दिशेला आहोत. पोलादपूरकराला महाड उत्तरेला, महाडकराला पोलादपूर दक्षिणेला, तसेच हे.

कोणतीही सुई एडीएफवर लावता येते किंवा ‘व्हीओआर’ केंद्रावर. व्हीओआर केंद्र प्रत्येक दिशेला वेगळा ओळखता येईल असा संकेत पाठवते. आपल्या एफएमची पट्टी जिथे संपते, तिथून म्हणजे १०८ मेगाहर्ट्झपासून त्याची पट्टी सुरू होते. या लहरी एफएमसारख्याच सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड पोहोचत नाहीत. वर तीस हजार फुटांवर मात्र आडवे यायला कोणी नसते.

समजा, गोव्याहून मुंबईला निघालेले विमान महाडवर आले आहे. एकेरी सुई मुंबईवर, दुहेरी पुण्यावर. एकेरी सुई बारावर. दुहेरी उजवीकडे, अडीचच्या आसपास. दोन मिनिटांत विमान माणगावच्या जवळपास पोहोचते, तेव्हा दुहेरी सुई तीनवर आलेली असते. नंतर ती मागे सरकू लागते. एकेरी सुई या सगळ्या वेळात बारावरून हललेलीच नसते! विमान महाडवर असो की पनवेलपाशी, मुंबई समोरच. आपण किती पुढे आलो, हे सांगते ती बाजूची सुई. अंतर मोजणारे ‘डीएमई’ हे यंत्र वेगळे.

हा फरक किती महागात पडतो, ते सह्याद्रीनेच पाहिले आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ९४ जण गेले. मुंबई अजून ८० किलोमीटरांहून अधिक दूर होती; वैमानिकाला मात्र आपण जवळ आलो असे वाटले आणि त्याने विमान खाली आणले. आपले स्थान ताडून पाहण्यासाठी उपलब्ध साधनांचा वापर झाला नाही, असे चौकशीत ठरले.

दुसरी घटना आपल्याला अधिक परिचित आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ माँ ब्लाँवर कोसळले. ११७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. बैरुतहून निघतानाच विमानातले एक व्हीओआर यंत्र बंद होते आणि कप्तानाला ते ठाऊक होते. दोन व्हीओआर सुया एकदम पाहण्याची सोय त्यामुळे गेली होती. कप्तानाचा स्थानाचा अंदाज चुकला. रडारवरच्या नियंत्रकाने चूक ओळखून माहिती कळवली, पण नेमक्या शब्दांत नाही. डोंगर ओलांडला असे समजून विमान उतरतच राहिले. बिघडलेल्या यंत्राची नोंद करताना माझा हात नंतर कित्येक वर्षे थबकत असे.

आता उपग्रहांमुळे पडद्यावर सरळ नकाशाच उमटतो. तरी सुया काढून टाकलेल्या नाहीत. २०२३ पासून पश्चिम आशियावरच्या मार्गांवर जीपीएसचे खोटे संकेत सोडले जाऊ लागले. नकाशावरचे विमान एकीकडे आणि खरे विमान दुसरीकडे. अशा वेळी जमिनीवरच्या केंद्राची सुई नकाशाशी जुळते का, हे पाहता येते. त्याआधी त्या केंद्राची मोर्समधली खूण कानांनी ऐकून घ्यायची. नाहीतर सुई भलत्याच केंद्राकडे वळलेली असायची.

घरात मिडीयम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर आमच्या काकांचा प्रयोग करून पाहा. भर दुपारी करा, रात्री या लहरी आकाशातून परतून येतात आणि दिशा फसवतात. पोलादपूर-महाडकरांनी मुंबईची रेषा आधी काढावी. पुण्याची आपल्याकडे घाटामुळे थोडी हुकण्याचा संभव आहे.